‘हे कधी ठरलं?’ : फुकटात काम करायचं, पण ठरवायला कुणी विचारत नाही

हा आपल्या या आठवड्याच्या भागाचा लिखित मजकूर. इअरफोन घरी विसरून बसमध्ये बसलेल्यांसाठी खास. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त माझे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युली’ थोडे कमी केलेत.

सुरुवात आत्याच्या फोनपासून करतो.

माझी आत्या सांगलीत मेस चालवते. कॉलेजची पोरं, बँकेतले दोघं-तिघं, एक कंडक्टर, असे चाळीसेक डबे. रोज सकाळी साडेआठला ती ग्रुपवर मेनू टाकते. स्वतः टाइप करते. व्हॉइस मेसेज तिला चालत नाही, कारण मागे कुकरची शिट्टी वाजते. तर एका सकाळी तिचा फोन आला. “अरे, तुझ्या त्या कीबोर्डातला ळ कुठं गेला? डाळ लिहायला गेले तर डाड़ होतंय. आणि पुऱ्यांचं ‘पुर्या’ झालंय. पोरं हसायला लागलीत.”

‘तुझा कीबोर्ड’ म्हणाली, कारण तिच्या फोनमध्ये तो मीच टाकून दिला होता. आणि टाकून दिला होता, कारण मी त्याच्यावर काम करत होतो. जगभरातले वीस-तीस लोक फावल्या वेळात मिळून तो बनवतात. सगळं फुकट, सगळा कोड उघडा. नाव सांगत नाही, गरजही नाही. त्यात मराठीची बाजू तीन वर्षं मी सांभाळत होतो. पगार शून्य. पण आत्याचा मेनू माझ्या कीबोर्डवरून जातो, याचं मला जे वाटायचं ते पगारात मोजता येत नाही.

मी म्हटलं, “आत्या, बघतो. चुकून झालं असेल काहीतरी.”

लॅपटॉप उघडला. चुकून झालंच नव्हतं. हिंदी, मराठी, कोकणी, नेपाळी या सगळ्यांचे वेगवेगळे लेआउट काढून त्यांचा एकच ‘देवनागरी’ लेआउट केला होता. ळ जिथे होता तिथे आता ड़. ळ हवा असेल तर ल दाबून धरायचा. ऱ हवा असेल तर र दाबून धरायचा. हे आत्याला कोण सांगणार?

ज्यांना हा ऱ चा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. ‘आचार्यांना’ बोलावलं तर प्रवचन मिळेल, ‘आचाऱ्यांना’ बोलावलं तर जेवण. हा फरक त्या आडव्या अर्ध्या र वर चालतो, आणि तो टाइप करायचा सोपा रस्ता म्हणजे ऱ. हिंदीला त्याची गरज नाही. त्यामुळे ज्याला फक्त हिंदी येतं त्याला हे बटण फालतू वाटणं साहजिक आहे.

मी ग्रुपमध्ये विचारलं, “हे कधी ठरलं?”

उत्तर आलं, अगदी सभ्य भाषेत. गुरुवारच्या कॉलमध्ये बोलणं झालं होतं, नोट्स टाकल्या आहेत, तू आला नव्हतास.

नोट्स बघितल्या. चार ओळी. त्यातली आपल्या कामाची एक : ‘देवनागरी लेआउट एकत्र करायचे, सगळ्यांची संमती.’ सगळ्यांची! कॉलवर पाच जण होते. त्यातल्या कुणाचीही भाषा देवनागरीत लिहिली जात नाही.

आता ‘तू आला नव्हतास’ याची गोष्ट. हा कॉल न्यूयॉर्कच्या दुपारी एकला असतो. उन्हाळ्यात ते आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. ठीक आहे, जेवून बसता येतं. पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात. आपली जात नाहीत. तिकडे कॉल एकलाच राहतो, आपल्याकडे तो साडेअकराला होतो. ही वेळ कुणी बदलली नाही, कुणी मला वगळायचं ठरवलं नाही. फक्त घड्याळ फिरलं आणि मी बाहेर पडलो. शुक्रवारी सकाळी नऊला माझी ऑफिसची मीटिंग असते. दोन-तीन आठवडे डोळे चोळत बसलो, मग जाणं सोडलं. नेमकं त्याच हिवाळ्यात हे ठरलं.

मला राग आला. रात्री एक वाजता अकरा पॅरेग्राफचा मेसेज लिहिला आणि पाठवला. त्यात ‘तुम्हाला आमच्या भाषेची किंमत नाही’ असं वाक्य होतं. सकाळी बघितलं तर दोन नापसंतीचे अंगठे आणि एक ‘जरा शांत हो’. ळ बद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. म्हणजे मुद्दा माझा होता आणि चर्चा माझ्या स्वभावावर. तुमच्यापैकी कुणी कुठल्याही ग्रुपमध्ये स्वयंसेवक म्हणून काम केलं असेल, गणेशमंडळ धरा, ट्रेकिंगचा ग्रुप धरा, तर हे दृश्य ओळखीचं असेल.

तर असं होतं का? मी हे नंतर बरंच वाचलं, आणि या भागात मुख्य तेच सांगायचंय.

गावात ग्रामसभा असते आणि पार असतो. ठराव ग्रामसभेत होतो, पण ठरतं पारावर, आदल्या संध्याकाळी. सॉफ्टवेअरच्या स्वयंसेवी ग्रुपांमध्ये ग्रामसभा म्हणजे ती जागा जिथे प्रस्ताव, कोड, चर्चा सगळं सगळ्यांना दिसतं. आणि पार म्हणजे व्हिडिओ कॉल, खासगी चॅट, वर्षातून एकदा होणाऱ्या कॉन्फरन्समधली कॉफी. पारावर बसणारे लोक वाईट नसतात. ते जुने असतात, एकमेकांना ओळखतात, आणि त्यांना खरंच वाटत असतं की आपण सगळ्यांशी बोललो. जो फ्रीमन नावाच्या अमेरिकन लेखिकेने स्त्रीमुक्ती चळवळीतल्या गटांबद्दल हे १९७० सालीच मांडलं होतं. तिचं म्हणणं असं की ‘आमच्याकडे कुणी बॉस नाही, काही रचना नाही’ असं म्हणणाऱ्या गटातही रचना असतेच. ती लिहिलेली नसते, एवढंच. आणि लिहिलेली नसली की ती मैत्रीवर चालते. ज्याची मैत्री नाही त्याला आपण नेमके कुठे अडलो तेसुद्धा कळत नाही. तिचा तो निबंध सॉफ्टवेअरवाले आजही एकमेकांना वाचायला देतात.

आमच्याकडे कारण एवढंच होतं की कोड सांभाळणारा माणूस एकटा होता. पाच लेआउट म्हणजे एक चूक पाच ठिकाणी दुरुस्त करायची. तो थकला होता. एकत्र करायचा विचार मूर्खपणाचा अजिबात नव्हता, हे मला आज मान्य आहे. त्या रात्री नव्हतं.

मोठ्या प्रोजेक्टांनी यावर काय काय करून बघितलंय ते भारी आहे.

अपाची फाउंडेशन घ्या. १९९९ पासूनची संस्था, इंटरनेटचा कितीतरी भाग तिच्या सॉफ्टवेअरवर चालतो. तिथे मत द्यायचं तर +१, ० किंवा -१ लिहायचं. आणि मतदान साधारणपणे निदान ७२ तास उघडं ठेवायचं. का ७२? तर माणूस पृथ्वीच्या कुठल्याही कोपऱ्यात असो, झोपलेला असो, ऑफिसात असो, त्याला वेळ मिळावा म्हणून. माझा साडेअकराचा प्रॉब्लेम त्यांनी एका आकड्यात सोडवलाय. कॉलवर बोला की, कुणी नाही म्हटलंय? पण कॉलवर ठरवायचं नाही. बोललेलं लिहून सगळ्यांसमोर ठेवायचं आणि थांबायचं. शिवाय कोडमधल्या बदलाला -१ देणाऱ्याने तांत्रिक कारण द्यायलाच लागतं. ‘मला आवडलं नाही’ चालत नाही.

इंटरनेटचे नियम बनवणारी आयईटीएफ म्हणून संस्था आहे. तिथे मतदानच करत नाहीत. हॉलमध्ये विचारतात, हे पटतंय का, आणि लोक ‘हंऽऽ’ असं गुणगुणतात! खरंच. कुठल्या बाजूचा आवाज मोठा ते ऐकायचं. पण ती फक्त चाचपणी. नंतर ते ईमेलवर सगळ्यांसमोर पक्कं करावं लागतं, जे हॉलमध्ये आले नाहीत त्यांच्यासाठी. २०१४ मध्ये त्यांनी यावर एक सविस्तर टिपण काढलं, त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी : एकमत झालं की नाही हे डोकी मोजून ठरत नाही, प्रत्येक हरकतीला नीट उत्तर मिळालं का यावरून ठरतं. हरकत मान्य झालीच पाहिजे असं नाही. पण तिचा विचार झाला पाहिजे. शंभर लोक हो म्हणाले आणि एकाच्या खऱ्या अडचणीकडे कुणी बघितलंच नाही, तर ते एकमत नव्हे.

रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या लोकांनी स्वतःला आणखी कडक नियम घालून घेतला होता. निर्णय देताना नवीन कारण आणायचं नाही. जी कारणं उघड चर्चेत येऊन गेली त्यांच्याच आधारावर ठरवायचं. कॉलमध्ये कुणाला भन्नाट मुद्दा सुचला? छान. आधी बाहेर जाऊन तो सगळ्यांसमोर मांडा, लोकांना उत्तर देऊ द्या, मग ठरवा. शेवटच्या हरकतींसाठी दहा दिवस. आता तुम्ही म्हणाल, मग तिथे सगळं आलबेल असेल. नाही हो. २०२१ च्या नोव्हेंबरात त्यांच्या अख्ख्या मॉडरेशन टीमने राजीनामा दिला, कारण वरची कोअर टीम कुणालाच उत्तरदायी नाही असं त्यांचं म्हणणं होतं. २०२३ मध्ये कोअर टीमच्या जागी नवी लीडरशिप कौन्सिल आणावी लागली. चांगले नियम होते, पण पार होताच.

बरं, मतदान घेतलं तर प्रश्न सुटतो का? याचं उत्तर डेबियनच्या गोष्टीत आहे. डेबियन ही लिनक्सची जुनी आणि मोठी आवृत्ती, पूर्ण स्वयंसेवकांची, आणि तिला १९९८ पासून लेखी संविधान आहे. २०१४ मध्ये तिथे भांडण पेटलं. कॉम्प्युटर चालू झाल्यावर बाकी सगळं सुरू करणारा जो पहिला प्रोग्रॅम असतो तो कोणता वापरायचा, सिस्टमडी की दुसरा कुठला? विषय ऐकायला कोरडा वाटतो, पण लोक महिनोन्‌महिने भांडले. तांत्रिक समितीत मतं चार-चार अशी पडली. अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडी आलं. मग त्याच वर्षी नोव्हेंबरात सगळ्या डेव्हलपरांचं मतदान झालं, तेही पसंतीक्रमाने. जिंकला कुठला पर्याय? ‘या विषयावर ठराव करायची गरज नाही’ हा! समितीतल्या काहींनी राजीनामे दिले. एका गटाने डेबियनचा कोड घेऊन डेव्हुआन नावाची वेगळी चूल मांडली.

इथे मला एक गोष्ट पहिल्यांदा नीट कळली. डेबियनमधून गेलेल्यांना सांगायची, वाद घालायची संधी मिळाली होती. ते हरले. हरणं दुखतंच, पण त्याचं काय करायचं ते माणसाला माहीत असतं. राहा, किंवा कोड घेऊन निघा, ओपन सोर्समध्ये ती मुभा आहेच. मला मात्र हरायलाही कुणी बोलावलं नव्हतं. दोन्हींना आपण ‘मला डावललं’ म्हणतो, पण दोन्हींवरचं औषध वेगळं आहे. हरलेल्याला कारणं लिहून मिळाली पाहिजेत. न विचारलेल्याला वेळ आणि जागा मिळाली पाहिजे.

आणि एकाच माणसाने सगळं ठरवलं तर? पायथन भाषेत तेच होतं. गिडो व्हॅन रॉसम यांनी ती बनवली, १९९१ मध्ये पहिल्यांदा बाहेर आणली, आणि शेवटचा शब्द त्यांचा. २०१८ मध्ये भाषेत एक छोटं चिन्ह आणायचं की नाही यावर इतका वाद झाला की चिन्ह मंजूर केल्यावर जुलैत त्यांनी ठरवण्याची जबाबदारीच सोडली. लोकांनी आधी महिनोन्‌महिने फक्त ‘आता ठरवायचं कसं’ यावर प्रस्ताव लिहिले, मग २०१९ च्या सुरुवातीला पाच जणांची कौन्सिल निवडली. त्यात एक कलम आहे : एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त लोक नकोत. मला हे फार शहाणपणाचं वाटतं, कारण एका ऑफिसात बसणाऱ्यांचा पार आपोआप तयार होतो.

इथपर्यंत वाचून मी खूश होतो. माझं बरोबर, त्यांचं चूक, पुराव्यासकट.

मग एका रविवारी आमच्या मराठी ग्रुपमध्ये मेसेज आला. हा ग्रुप वेगळा. ॲपमधले शब्द मराठीत आणणारे आम्ही आठ-नऊ जण. त्यात चंद्रपूरकडची एक विद्यार्थिनी होती, नाव घेत नाही. तिने आधी लिहिलं होतं की ‘संपादित करा’ हे तिच्या धाकट्या भावाला कळलंच नाही, ‘बदल करा’ ठेवू या का. चांगला मुद्दा. आम्ही कुणी उत्तर दिलं नव्हतं. आम्ही म्हणजे पुण्यातले तिघं. रविवारी सकाळी टपरीवर चहा घेत आम्ही शब्दांची यादी संपवून टाकली आणि संध्याकाळी चढवली. ‘संपादित करा’ तसंच ठेवून.

तिचा मेसेज होता, “हे कधी ठरलं?”

आणि मी टाइप केलं, “सकाळी बोलणं झालं, यादी टाकली आहे बघ.”

पाठवल्यावर दोन मिनिटांनी मला कळलं की मी काय लिहिलंय. तेच वाक्य. फक्त ‘तू आली नव्हतीस’ तेवढं राहिलं होतं. चंद्रपूरहून ती पुण्यातल्या टपरीवर येणार कशी? तिने ‘ओके’ लिहिलं आणि नंतर काहीच लिहिलं नाही. माझ्यासारखे अकरा पॅरेग्राफ नाही, भांडण नाही. मला हे जास्त लागलं. भांडणारा माणूस अजून आत असतो.

मग मी दोन्हीकडे काय केलं ते सांगतो, तुमच्या उपयोगाला येईल.

कीबोर्डवाल्यांकडे आधी त्या मेसेजबद्दल माफी मागितली. मुद्द्याबद्दल नाही. मग छोटा प्रस्ताव लिहिला, एका स्क्रीनवर मावेल एवढा. काय बिघडलंय : ळ आणि ऱ. कुणाचं : मराठी आणि कोकणी लिहिणाऱ्यांचं, कोकणीलाही ळ लागतोच. उदाहरण म्हणून आत्याचा एक दिवसाचा मेनू टाकला : डाळ, पुऱ्या, भोपळ्याची भाजी, मुळ्याची कोशिंबीर, केळं. पाचही पदार्थांत ळ नाहीतर ऱ. वाद घालायला जागाच नव्हती. पुढे लिहिलं की लेआउट एकत्र ठेवण्यामागची अडचण मला समजते, मराठीपुरती दुरुस्ती मी करून देतो. आणि शेवटी एक विनंती, ज्या गोष्टीचा परिणाम एखाद्या भाषेवर होतो ती कॉलमध्ये पक्की करू नका, लिहून तीन दिवस ठेवा.

बऱ्याच प्रोजेक्टांमध्ये निर्णय कसे होतात हे सांगणारी ‘गव्हर्नन्स’ नावाची फाइल असते. तुम्ही कुठे नव्याने काम सुरू करणार असाल तर ती आधी शोधा. नसेल, तर भांडण व्हायच्या आधी विचारा, कारण नंतर विचारलं की तो प्रश्न राहत नाही, आरोप होतो. आणि ‘मला का नाही सांगितलं’ असं विचारण्यापेक्षा ‘हा निर्णय कुठे झाला, कारणं कुठे लिहिली आहेत’ असं विचारा. पहिल्यावर लोक सफाई देतात, दुसऱ्यावर लिंक द्यावी लागते. लिंक नसेल तर तेही सगळ्यांना दिसतं.

निकाल काय लागला? अर्धा. मराठी निवडली की ळ आता पूर्वीच्या जागी येतो. ऱ अजूनही र दाबून धरूनच. वेगळं बटण द्यायला जागा नाही, दिलं तर लहान फोनवर सगळीच बटणं बारीक होतात, असं सांभाळणाऱ्याने लिहिलं, सोबत स्क्रीनशॉट. मला पटलं नाही. पण उत्तर होतं, माझ्या नावाने होतं, आणि ते वाचून मी शांत झोपलो. आत्याला दाबून धरायचं शिकवायला मात्र दोन व्हिडिओ कॉल लागले. आता ती मला उलट विचारते, “तुझं ते अमेरिकेतलं भांडण मिटलं का?” कॉलची वेळ आता एक गुरुवार न्यूयॉर्कच्या दुपारी, एक गुरुवार त्यांच्या सकाळी आठला असते. म्हणजे नोव्हेंबरातही आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा. त्या दिवशी कॅलिफोर्नियावाला एक जण पहाटे पाचला उठून जांभया देत बसलेला असतो. त्याला बघून मला वाईट वाटतं. फार नाही.

आमच्या मराठी ग्रुपमध्ये ७२ तासांचा नियम लागू झालाय. टपरी चालू आहे, पण तिथे काहीही पक्कं होत नाही. बोललेलं ग्रुपमध्ये लिहायचं आणि थांबायचं. ‘संपादित करा’ की ‘बदल करा’ हा प्रश्न आम्ही पुन्हा उघडलाय, बुधवारी रात्रीपर्यंत. मी तिला वेगळा मेसेजही केला, चूक माझी होती असं सरळ लिहून. निळ्या टिक आल्यात. उत्तर अजून आलेलं नाही.

तुमच्यापैकी कुणाला या शब्दाबद्दल मत असेल तर कळवा, बुधवारच्या आत. पुढच्या भागात भेटू.